वळचण गेली, रंग आला

पावसाळ्याच्या तोंडावर घराच्या पश्चिमेच्या अंगाला झापं बांधायची रीत कोकणातल्या काही गावांत अजून दिसते. माडाच्या झावळ्या विणून केलेली ही झापं बांबूच्या आधाराने भिंतीपुढे उभी करायची आणि पाऊस सरला की सोडून ठेवायची. महाबळेश्वर-पाचगणीकडे हेच काम गवताच्या झडी करत. भिंतीला पाऊस लागूच द्यायचा नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. कौलारू घराची वळचण त्यासाठीच दोन-तीन हात पुढे काढलेली असे आणि पागोळ्या भिंतीपासून लांब, अंगणात पडत. मातीची किंवा जांभ्याची भिंत एकदा मुरेपर्यंत भिजली की वाळायला महिने घेते, हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. भिंतीवर चुन्याचा हात असे तो उजेडासाठी, स्वच्छतेसाठी. पाऊस अडवायचं काम त्याच्याकडे कधीच नव्हतं.

आता घरं सपाट छपराची झाली. वळचण गेली. छज्जा असलाच तर खिडकीपुरता, तोही वीतभर. दर्शनी भाग कसा गुळगुळीत, सलग दिसला पाहिजे, असा आर्किटेक्टचाही आग्रह असतो आणि घरमालकाचाही. परिणाम असा, की छप्पर आणि वळचण मिळून जे काम करत, ते सगळं आपण रंगाच्या थरावर सोपवलं. हा थर किती असतो? एका लिटर रंगाने १० चौरस मीटर भिंत रंगवली, तर ओला थर १०० मायक्रॉनचा बसतो, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. पाणी उडून गेल्यावर त्यातले ३०-४० मायक्रॉन उरतात. दोन हात मारले तरी डोक्यावरच्या केसाएवढी जाडी होते. तेवढ्या थराने रत्नागिरीचा वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पडणारा पाऊस किंवा चंद्रपूरचं ४५ अंशांपुढचं ऊन सोसायचं, तेही पाच-सात वर्षं.

असं असताना रंगाची निवड आपण शेडकार्ड उघडून सुरू करतो. घरातले सगळे जमतात, बिस्किटी की मोतिया यावर तासभर चर्चा होते, आणि रंग कोणत्या प्रतीचा घ्यायचा हा प्रश्न दुकानदारावर किंवा कंत्राटदारावर सोडला जातो. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी भिंत, मग गावाची हवा, मग डब्यात काय आहे ते, आणि शेड सगळ्यात शेवटी.

डब्यापासून सुरुवात करू, कारण तिथेच सर्वांत जास्त गोंधळ आहे. पाण्यात मिसळणाऱ्या कुठल्याही रंगात मुख्य गोष्टी चार: रंगद्रव्य, भराव, बांधणी आणि पाणी. बुरशीनाशकं, फेस मोडणारी द्रव्यं वगैरे किरकोळ प्रमाणात असतात. पाणी उडून जातं. रंगद्रव्य रंग देतं आणि खालची भिंत झाकतं. भराव म्हणजे खडूची किंवा टाल्कची भुकटी, तो माल वाढवतो आणि चमक कमी करतो. या सगळ्या कणांना एकमेकांशी आणि भिंतीशी धरून ठेवते ती बांधणी, म्हणजेच रेझिन. रंग टिकतो तो हिच्यामुळे, आणि डब्यात महाग असते तीही हीच. किंमत पाडायची झाली की कारखानदार पहिला हात बांधणीला आणि पांढऱ्या रंगद्रव्याला घालतो आणि जागा भरावाने भरून काढतो.

बांधणीतही प्रकार आहेत. सगळ्यात स्वस्त गट विनाइल ॲसिटेटवर आधारलेल्या इमल्शनचा. घराच्या आत ती उत्तम चालतात. बाहेर मात्र सिमेंटचा क्षार आणि ओल एकत्र आले की या रेणूंचं विघटन होऊ लागतं. त्यावरचा गट स्टायरिन-ॲक्रिलिकचा. तो पाणी चांगलं झेलतो, क्षारालाही बधत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी हळूहळू पिवळा पडतो आणि भुकटी सोडू लागतो. शुद्ध ॲक्रिलिक या दोन्ही बाबतींत सरस ठरतं. अमेरिकेतल्या रोम अँड हास या कंपनीने १९५३ साली घरांच्या रंगासाठी पूर्णपणे ॲक्रिलिक असं पहिलं इमल्शन बाजारात आणलं. आज आपल्याकडे ‘शंभर टक्के ॲक्रिलिक’ असं ज्या डब्यांवर छापलेलं असतं, त्यांचा वंश तिथून सुरू होतो. डब्यावर नुसतं ‘ॲक्रिलिक’ लिहिलं असेल तर त्यात स्टायरिन असू शकतं. सावलीतल्या भिंतीला त्याने फारसं बिघडत नाही. दिवसभर उन्हात तळणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीसाठी मात्र दुकानदाराला स्पष्ट विचारावं आणि त्या रंगाचं तांत्रिक माहितीपत्रक मागावं. मोठ्या कंपन्यांची माहितीपत्रकं सहज मिळतात. वाचत कोणी नाही, हा भाग वेगळा.

पांढरं रंगद्रव्य म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. ते इल्मेनाइट नावाच्या काळ्या खनिजापासून काढतात, आणि हे खनिज आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही सापडतं. त्यावरचे जुने नावाजलेले कारखाने मात्र केरळात आहेत. तिरुवनंतपुरमचा त्रावणकोर टायटॅनियमचा कारखाना १९४६ सालचा. या द्रव्याची रंगात वापरली जाणारी स्फटिकरूपं दोन, ॲनाटेज आणि रुटाइल. ॲनाटेज स्वस्त पडतं, पण उन्हात ते स्वतःच आजूबाजूच्या बांधणीचं विघटन घडवून आणतं. मग भिंतीवर हात फिरवला की पांढरी पूड लागते. बाहेरच्या रंगात रुटाइलच हवं.

खडूची भुकटीही पांढरीच असते, मग महागडं टायटॅनियम कशाला, असा प्रश्न पडू शकतो. चुन्याचा हात मारताना पाहिला असेल तर याचं उत्तर डोळ्यांसमोर येईल. ओला असताना चुना पारदर्शक दिसतो, खालची भिंत स्पष्ट कळते, आणि वाळल्यावर अचानक पांढरा होतो. खडूचा कण प्रकाशाला जेवढं वळवतो, जवळपास तेवढंच पाणी किंवा रेझिनही वळवतं. म्हणून त्यांच्यात बुडालेला खडू दिसतच नाही. वाळल्यावर कणांच्या मधे हवा शिरते आणि तेव्हा कुठे प्रकाश विखुरतो. टायटॅनियमचा कण प्रकाशाला इतकं जास्त वळवतो की रेझिनमध्ये पूर्ण बुडूनही तो पांढराच दिसतो.

स्वस्त रंगाचं गुपितही यातच आहे. भराव भरपूर आणि बांधणी कमी ठेवली की कणांच्या मधल्या फटी रेझिनने भरत नाहीत, त्यांत हवा राहते. त्या हवेमुळे रंग झाकायला उत्तम वाटतो. पहिल्याच हातात भिंत पांढरीशुभ्र, रंगारी खूश, मालक खूश. पुढे पावसात त्याच फटींत पाणी शिरतं. म्हणून जुन्या भिंतीची एक सोपी परीक्षा करता येते. तिच्यावर तांब्याभर पाणी मारावं. रंग लगेच गडद पडून डाग उमटला, तर तो सच्छिद्र झाला आहे, किंवा पहिल्यापासूनच तसा होता. पाणी ओघळून गेलं आणि रंग तसाच राहिला, तर त्यात अजून जीव आहे.

जड डबा म्हणजे चांगला रंग, हा समज अजून खूप ठिकाणी भेटतो. बांधणीची घनता पाण्याहून जेमतेम जास्त असते, खडूची पाण्याच्या पावणेतीन पट. म्हणजे डबा जड करायचा सोपा उपाय खडू वाढवणं हाच आहे. वजनाऐवजी विचारावं ते घन भागाचं प्रमाण, म्हणजे लिटरभर रंग वाळल्यावर भिंतीवर किती आकारमान उरतं ते. एका रंगात हे प्रमाण २५ टक्के आणि दुसऱ्यात ४० टक्के असेल, तर सारख्याच पसरवलेल्या दोन लिटरांतून एकाचा थर २५ मायक्रॉन बसेल, दुसऱ्याचा ४०. अर्थात हा घन भागही भरावाचाच असू शकतो, म्हणून बांधणीचा प्रश्न आधी विचारायचा आणि हा नंतर. मग लिटरच्या भावाची तुलना करायची. समजा घराच्या बाहेरच्या भिंती २००० चौरस फूट आहेत. एक रंग दोन हातांत लिटरला ५५ चौरस फूट जातो, तर सुमारे ३६ लिटर लागतील. दुसरा ४० फूट जातो, तर ५० लिटर. लिटरला पाऊणपट भावाचा रंग घेऊन शेवटी बिल तेवढंच झालं, आणि परांची व मजुरी तर दोन्हीकडे सारखीच. उंच इमारतीत परांचीचा आणि मजुरीचा खर्च रंगाच्या बरोबरीने किंवा त्याहूनही जास्त येतो. तीन वर्षांनी पुन्हा परांची बांधावी लागली तर रंगात वाचवलेले पैसे कुठे गेले ते शोधत बसावं लागतं.

चांगला रंग म्हणजे काय, याचं उत्तर गावागणिक बदलतं. दुकानातली पोस्टरं नेमकं हेच सांगत नाहीत.

कोकण, मुंबई आणि घाटमाथ्यावर शत्रू एकच, पाणी. नैर्ऋत्येचे वारे पाऊस तिरपा मारतात. त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती धुऊन निघतात, तर उत्तरेच्या आणि झाडाखालच्या भिंती उन्हाअभावी ओल्याच राहतात. त्या ओल्या भिंतींवर शेवाळ चढतं. काळे ओघळ दिसतात ते बहुधा नीलहरित जिवाणूंचे असतात. वरच्या कोरड्या कवचातल्या रंगद्रव्यामुळे ते काळे दिसतात आणि उन्हाळाभर वाळून राहून पहिल्या पावसाला पुन्हा जागे होतात. काही भिंतींवर विटकरी-नारिंगी मखमल चढलेली दिसते. लोकांना तो लोखंडाचा गंज वाटतो. ते खरं तर ट्रेंटेपोलिया नावाचं हिरव्या कुळातलं शेवाळ असतं आणि त्याचा नारिंगी रंग गाजरात असतो त्या जातीच्या द्रव्यामुळे येतो. बाहेरच्या चांगल्या रंगात शेवाळनाशक घातलेलं असतं. पावसाच्या पाण्याबरोबर ते थोडं थोडं सुटत राहतं, म्हणूनच काम करतं आणि म्हणूनच एक दिवस संपतं. रंग शाबूत असूनही चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात भिंत काळी पडते ती यामुळे. जुनं शेवाळ न मारता वरून नवा रंग दिला, तर ते आतूनच वर येतं. आधी तारेच्या ब्रशने घासायचं, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने किंवा बाजारात मिळणाऱ्या शेवाळनाशक द्रावणाने धुवायचं, स्वच्छ पाण्याने खळबळून काढायचं आणि भिंत पूर्ण वाळू द्यायची. समुद्राजवळ हे धुणं दुहेरी कामाचं, कारण भिंतीवर मिठाचाही थर बसलेला असतो.

देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात पावसापेक्षा ऊन आणि धूळ यांचा त्रास मोठा. गडद भिंतीचा पृष्ठभाग मे महिन्यात ६० अंशांच्या वर जाऊ शकतो आणि रात्री तीच भिंत थंड होते. रोजच्या या फुगण्या-आक्रसण्यात गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. अशा भेगा झाकण्यासाठी लवचीक, म्हणजे इलॅस्टोमेरिक रंग मिळतात. त्यांचा थर साध्या रंगाच्या कितीतरी पट जाड बसतो आणि भेग थोडी उघडली-मिटली तरी तो ताणून घेतो. पण ताणणारी बांधणी मऊ असावी लागते, उन्हात ती किंचित चिकट होते आणि धूळ धरते. लाल मातीच्या रस्त्याकडेला किंवा सिमेंट कारखान्याच्या आसपास असा पांढरा रंग वर्षभरात मळकट दिसू लागतो. तिथे कडक बांधणीचा, धूळ न धरणारा रंग बरा, आणि भेगा वेगळ्या भरून घ्याव्यात. मुंबईच्या पावसात धूळ आपोआप धुतली जाते, पण तिथे भेगेतून पाणी आत जातं, म्हणून तिथे लवचीक रंगाला जास्त अर्थ आहे. ‘सगळ्यात महागडा तो द्या’ म्हणणाऱ्या माणसाला दुकानदार लातुरात आणि लांज्यात एकच डबा देईल. त्या दोन भिंतींच्या गरजा मात्र एक नाहीत.

लवचीक रंगाबद्दल आणखी एक सावधगिरी. भिंतीत शिरलेलं पाणी कधीतरी वाफ होऊन बाहेर पडणार. रंगाने थेंब अडवावा आणि वाफ जाऊ द्यावी, हे उत्तम रंगाचं लक्षण. सिलिकॉन मिसळलेल्या काही ॲक्रिलिक रंगांना हे बऱ्यापैकी साधतं. जाड, बंदिस्त थराला ते कमी साधतं. छपरातून किंवा नळातून पाणी झिरपत असलेल्या भिंतीवर असा थर दिला, तर पहिल्या उन्हाळ्यातच त्याला फोड येतात. जुन्या चुन्याच्या आणि जांभ्याच्या घरांना प्लॅस्टिकसारखा रंग देणं तर मला सरळ अन्याय वाटतो. तिथे अजूनही चुनाच शोभतो आणि चालतोही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, भिंतीशी एकजीव होतो, वाफ अडवत नाही. दर एक-दोन वर्षांनी हात मारावा लागतो, हाच काय तो त्रास. कोकणात हा चुना शिंपले भाजूनही करत. पिवळेपणासाठी त्यात पिवडी घालायची, तांबडेपणासाठी गेरू.

चुना आणि आजचं इमल्शन यांच्या मधल्या काळात आपल्याकडे सिमेंटचा रंग आला, ज्याला जुनी माणसं अजून सरसकट स्नोसेम म्हणतात. पांढऱ्या सिमेंटची ही भुकटी पाण्यात कालवून लगेच वापरावी लागते आणि वर पाणी मारून ती मुरवावी लागते. हे पाणी मारणं टाळलं जातं आणि मग रंग पावडर होऊन हाताला लागतो. कंपाउंडच्या भिंतीला तो अजूनही परवडतो. चुन्यावर किंवा अशा भुकटी सोडणाऱ्या जुन्या सिमेंट रंगावर थेट इमल्शन मात्र कधी देऊ नये. इमल्शन भुकटीला चिकटतं आणि भुकटी कशालाच चिकटलेली नसते. एक-दोन वर्षांत पापुद्रेच्या पापुद्रे निघतात आणि दोष कंपनीला दिला जातो. खरवडून, धुऊन, प्रायमर मारून मगच पुढचं काम. खरवडल्यावर एक परीक्षा करता येते. ब्लेडने फुलीसारखी चीर पाडायची, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीला रंग आला तर खरवडणं अपुरं आहे. दारं-खिडक्या-गजांवरचा जुना तेलरंग घासताना तो कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगातल्या शिशाला दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू आहे. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना घातक असते.

आता शेड. इथेही थोडं रसायनशास्त्र कामाला येतं. गेरू, पिवडी, तपकिरी, राखाडी हे रंग लोहाच्या ऑक्साइडांतून आणि काजळीतून येतात. त्यांना ऊन काही करत नाही, कारण ते आधीच गंजून, जळून स्थिर झालेले पदार्थ आहेत. लखलखीत पिवळा, गुलाबी, जांभळा, भगवा हे बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यांतून येतात आणि त्यांतले स्वस्त प्रकार उन्हात तुटतात. कोकणातल्या नव्या घरांचा आवडता पोपटी घ्या. तो हिरव्या आणि पिवळ्या द्रव्याचं मिश्रण असतो. हिरवं द्रव्य चिवट असतं, स्वस्तातलं पिवळं लवकर उडतं, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत भिंत पोपटीची निळसर हिरवी दिसू लागते. घरमालकाला वाटतं, रंग भेसळीचा निघाला. पोपटी आवडत असेल तर जरूर द्यावा, पण दुकानदाराला ती शेड बाहेरच्या भिंतीसाठी सुचवलेली आहे का, हे विचारून. बऱ्याच शेडकार्डांवर तशी खूण असते. गडद शेडला आणखी एक किंमत मोजावी लागते. टिंटिंग मशीनवर गडद शेड ज्या बेसमध्ये करतात, त्यात पांढरं टायटॅनियम फार थोडं असतं, म्हणून तो झाकतो कमी आणि हात जास्त लागतात. शिवाय भिंत तापते ती वेगळीच. नागपूर-अकोल्याच्या पश्चिम भिंतीला गडद मरून देणाऱ्यांनी पंख्याच्या हवेबद्दल तक्रार करू नये.

पण रंगाच्या आयुष्याचा मोठा हिस्सा डब्याबाहेर ठरतो. पाणी कुठून येतं, ते आधी शोधायला हवं. गच्चीचा कोबा फुटला असेल, कठड्याच्या माथ्याला आत उतार नसेल, छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल, बाथरूमची पाइपलाइन गळत असेल, तर जगातला कुठलाही रंग ते थांबवणार नाही. जोत्यापासून फूट-दीड फुटापर्यंत पांढरी पिसासारखी पूड फुलते तो लोणा. जमिनीतलं पाणी क्षार घेऊन भिंतीतून वर चढतं, पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि क्षाराचे स्फटिक रंगाच्या मागे वाढत वाढत त्याला ढकलून देतात. तिथे रंग बदलून उपयोग नाही. ओल अडवणारा थर घालणं हे बांधकामाचं काम आहे, रंगाऱ्याचं नाही. भिंत आतून ओली आहे का, हे पाहायला दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसलं तर थांबायचं. नवा गिलावा असेल तर तो किमान २८ दिवस मुरू द्यावा. ताज्या सिमेंटची क्षारता इतकी तीव्र असते की कमजोर रंगद्रव्यं जणू जळतात, भिंतीवर फिकट चट्टे पडतात. विटा आणि काँक्रीटच्या सांध्यावर उभी-आडवी भेग वारंवार येत असेल, तर गिलावा करतानाच तिथे चिकन मेश बसवायला हवी होती, एवढंच म्हणता येतं. आता ती भेग उकलून लवचीक भराव भरावा. घराच्या आत वापरायची ॲक्रिलिक पुट्टी बाहेर लावू देऊ नये, ती पावसात पाणी पिऊन फुगते.

आणि मुहूर्त. दसरा-दिवाळीच्या आधी घर रंगवायची आपली जुनी सवय आहे. चुन्याच्या हाताला ती शोभत होती, कारण चुन्याला ओली भिंतच लागते. इमल्शनचं तसं नाही. मुंबई-कोकणातून मान्सून जातो तो ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. चार महिने पाणी प्यालेली नऊ इंची भिंत त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत वाळत नाही. बाहेरून हाताला कोरडी लागते, एवढंच. तिच्यावर दिवाळीच्या घाईत प्लॅस्टिकचा थर चढवला की ऑक्टोबरच्या उन्हात आतली वाफ फोड उठवते. शिवाय याच दिवसांत चांगले रंगारी मिळत नाहीत आणि मिळाले तर घाईत असतात. कोकणपट्टीत बाहेरचा रंग डिसेंबर ते मार्चमध्ये काढावा आणि दिवाळीला आतल्या खोल्या कराव्यात, हे माझं ठाम मत आहे. सोलापूर-बीडकडे पाऊसच कमी, तिथे ही अडचण फारशी नाही. तिथे एप्रिल-मे टाळावा. निफाडसारख्या ठिकाणी थंडीत भल्या सकाळी हात मारू नये. इमल्शनमधल्या रेझिनच्या सूक्ष्म गोळ्यांचा पाणी उडताना एकमेकांत वितळून सलग पापुद्रा बनतो, आणि १० अंशांच्या खाली ते नीट वितळत नाहीत. उलट तापलेल्या भिंतीवर पाणी इतकं झपाट्याने उडतं की गोळ्यांना जुळायला वेळच मिळत नाही. म्हणून जाणता रंगारी ऊन टाळून काम करतो: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची.

कंत्राट देताना ‘माल-मजुरी सकट’ की ‘फक्त मजुरी’ हा जुना वाद आहे. माल स्वतः आणला तरी पाणी किती घालतात ते पाहावं लागतं. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त पाणी घातलं की रंग लांब जातो, ब्रश हलका चालतो, आणि वर केलेला ३०-४० मायक्रॉनचा सगळा हिशेब निम्म्यावर येतो. माल कंत्राटदाराचा असेल तर क्षेत्रफळ भागिले डब्यावरचं पसरमान असा हिशेब करून किती बादल्या यायला हव्यात ते करारात लिहावं आणि रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत आवारातच ठेवून घ्याव्यात. सोसायट्यांच्या सचिवांना यासाठी भांडावं लागतं, पण तेवढं भांडण परवडतं. वॉरंटीचे कागदही सहीआधी वाचावेत. त्याच कंपनीचा प्रायमर, ठरलेले हात आणि भिंतीत ओल नसणं, अशा अटी बहुतेक ठिकाणी असतात, आणि भरपाई अनेकदा रंगाच्या डब्यांत मिळते, परांचीच्या खर्चात नाही.

वेळ हाताशी असेल तर वॉरंटीपेक्षा चांगला पुरावा घरच्या घरी मिळतो. ज्या दोन रंगांत निवड अडली आहे, त्यांचे एकेक लिटर मे महिन्याच्या सुरुवातीला आणून पश्चिमेच्या भिंतीवर शेजारी शेजारी हात-दीड हाताचे चौकोन रंगवावेत, खाली एकच प्रायमर, दोन्हीला दोन दोन हात. पाऊस संपला की काळं फडकं फिरवून पूड येते का, पाणी मारून डाग पडतो का, कडेला शेवाळ धरलं का, हे पाहावं. त्यात जो टिकला त्याच्या सगळ्या बादल्या एकदम, एकाच बॅचच्या घ्याव्यात आणि मोठ्या पिंपात एकत्र ढवळून मग वापराव्यात, नाहीतर दोन बादल्यांमधला फरक भिंतीच्या बरोबर मध्यावर दिसतो. उरलेला लिटरभर रंग झाकण घट्ट लावून, बेस आणि शेडचा क्रमांक डब्यावर लिहून सावलीत ठेवावा. नळजोडणीवाला कधी ना कधी भिंतीला भोक पाडायला येतोच.